कोपराचं माप

दापोड्याच्या रस्त्याला गोदामांची रांग संपून ग्रॅनाइटवाल्यांची दुकानं लागतात, तिथे त्या थंडीत एका बाईची फार चर्चा होती. ही बाई स्कूटीवरून यायची, भाव न विचारता पर्समधून लिंबू काढायची, अर्धं कापून दगडावर चोळायची आणि हाताची घडी घालून गप्प उभी राहायची. थोड्या वेळानं ओल्या फडक्यानं पुसायची, वाकून बघायची आणि बहुतेक वेळा एक शब्द न बोलता निघून जायची. दुकानदारांनी तिचं नाव 'लिंबूवाली' ठेवलं होतं. कोणाला वाटायचं करणी करायला येते, कोणाला वाटायचं सरकारी तपासणीवाली असेल.

तिचं खरं नाव मृणाली. पूर्णा गावच्या केसरीनाथ पाटलांची थोरली मुलगी. तिला 'बाई' म्हटलेलं तिनं ऐकलं असतं, तर लिंबू दगडाऐवजी म्हणणाऱ्याच्या डोळ्यात पिळलं असतं.

करणीबिरणी काही नव्हतं. पाटलांच्या घरचा ओटा पांढऱ्या संगमरवराचा होता आणि आईच्या हातच्या माशांच्या आंबटानं, कैरीनं, कोकमानं त्याच्यावर चट्टे पडले होते. आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो ओटा आणि ते घर मृणालीच सांभाळत होती. आता वैशाखात धाकट्या भावाचं, सार्थकचं लग्न ठरलं होतं. सून घरात यायच्या आधी स्वैपाकघर नवं करायचं, असं केसरीनाथांच्या मनानं घेतलं.

"वट्यावाला तूच बग," ते लेकीला म्हणाले होते. "तुना त्यातलं कलतं. मना गोदामाचं कलतं."

तेव्हापासून हे लिंबू-प्रकरण चालू होतं. पहिल्या दुकानात डाग पडला. दुसऱ्यात डाग पडला नाही, पण दगड काळाभोर दिसावा म्हणून लावलेला रंगच फडक्यावर उतरला. दुकानदार तोंड वर करून म्हणाला, "मॅडम, ये तो पॉलिश है." तिसऱ्या दुकानात ती उभी होती, तेव्हा चोळून उरलेलं अर्धं लिंबू तिच्या हातातून निसटलं. ते उतारावरून गडगडत गेलं, शेजारच्या शेडच्या पन्हळीत पडलं आणि पांढऱ्या गढूळ पाण्याबरोबर सरळ आत, दगड कापायच्या कटरकडे निघालं.

कटरचा कर्कश आवाज अचानक थांबला.

"कोणाचं हे?"

गोणपाटाचा पडदा बाजूला करून एकजण बाहेर आला. पायात रबरी बूट, तोंडावर मास्क, आणि केस पांढरेशुभ्र. हातात तिचं लिंबू.

"काका, माझं आहे ते," मृणाली म्हणाली. "सॉरी हं... निसटलं."

त्यानं मास्क खाली ओढला. पाइपाचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं, डोक्यावर मारलं. पांढरं सगळं ओघळून गेलं आणि खालून काळेभोर केस आणि तिशीच्या आतलाच एक चेहरा निघाला. भुवयांवर थोडी धूळ अजून राहिली होती.

"काका?" त्यानं शांतपणे विचारलं.

मृणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती पाटलांची मुलगी. माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"धुळीत सगळे काकाच दिसतात," ती म्हणाली.

"आणि तुम्ही... त्या लिंबूवाल्या."

"कोण म्हणतं असं?"

"अख्खा रस्ता." तो हसला नाही, पण डोळे हसले. लिंबू पाइपाखाली धुऊन त्यानं तिच्यापुढे धरलं. "मिलिंद. शेड माझी आहे. माझ्या दगडाला लावायचं असेल तर लावा. धुतलंय."

दुसरं कोणी असतं तर ती निघून गेली असती. पण भुवयांवरची ती धूळ... तिला का कोण जाणे, ती पुसली जाईपर्यंत थांबावंसं वाटलं. तिनं आत जाऊन एका काळ्या स्लॅबवर लिंबू चोळलं आणि नेहमीसारखी हाताची घडी घालून उभी राहिली. कटरच्या पाण्याचे बारीक तुषार अजून हवेत होते, ते तिच्या गालावर बसत होते. ओल्या दगडाचा एक वास असतो, थंड आणि जरासा मातीसारखा. तो तिला आवडला.

"किती वेळ थांबायचं?" मिलिंदनं विचारलं.

"दगडाला खरं बोलावंसं वाटेपर्यंत."

"तोवर मी काय करू?"

"बाकीचे दुकानदार दगडाचे गुण सांगतात."

"मी नाही सांगत. तो समोर आहे की. स्वतःचं स्वतः सांगेल."

तो कोपऱ्यात जाऊन एका दगडी फळीची कड घासत बसला. मृणाली दगडाकडे बघत होती. म्हणजे निदान मान तरी दगडाकडे होती. तिनं फडकं फिरवलं. डाग नव्हता.

"जोड कुठे येईल?" तिनं विचारलं. तिचं स्वैपाकघर काटकोनात होतं. एका स्लॅबमध्ये ओटा होणार नव्हता. बाकी सगळ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, जोड दिसणारच नाही मॅडम.

"सिंकच्या अलीकडे. आणि दिसेल," मिलिंद म्हणाला. "जवळून बघितलंत तर दिसेलच. दोन वेगळे तुकडे आहेत, न दिसून कसं चालेल? पण हाताला लागणार नाही. तेवढं माझं काम."

"मग उद्याच माप घ्यायला या."

"नाही."

"नाही?"

"तुमची फरशी बसलीय का नवी? नाही ना? मग आधी फरशी. नंतर माप. जुन्या फरशीवर माप घेतलं आणि वर नवी बसली, तर ओटा तेवढा बुटका होतो. मग सगळे मला शिव्या घालतात." त्यानं घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "आणि एक सांगा... त्या ओट्यापुढे उभं कोण राहतं?"

मृणालीला आधी आई आठवली.

तिची आई बुटकी होती. ओटा गवंड्यानं बांधला तेव्हा त्याला वाटलं तेवढ्या उंचीचा बांधला. आईला कोणी विचारलं नाही आणि आईनं कोणाला सांगितलं नाही. तिनं देवघरातला जुना लाकडी पाट आणला, ओट्यापुढे ठेवला आणि त्याच्यावर उभी राहून सगळा जन्म भाकऱ्या थापल्या. त्या पाटावर तिच्या पावलांच्या जागी दोन गुळगुळीत खळगे पडले होते. पाट अजून ओट्याखाली होता. मृणाली उंच, तिला तो लागत नसे, पण तो टाकायचा विचारही तिच्या मनात कधी आला नव्हता.

"का विचारता?" ती म्हणाली.

"भाकरी थापताना कोपर ओट्याच्या थोडं वर पाहिजे. नाहीतर खांदे जातात. आईकडून शिकलोय हे, बोलणी खाऊन." तो आता खरंच हसला. "आमच्या घरी अर्धाच ओटा आहे. तिच्या मापाचा अर्धा मी बसवला, उरलेल्या अर्ध्याची जागा अजून रिकामी आहे. ती म्हणते, जगाचे ओटे पुरे करतोस, घरचा तेवढा अर्धा. दिव्याखाली अंधार."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, का गं, त्योच का?

"बाकीचे सगळ्याला हो म्हणाले, बाबा," मृणाली म्हणाली. "यानं नाही म्हटलं."

*

फरशी बसल्यावर मिलिंद माप घ्यायला आला. स्वैपाकघर मोकळं होतं, बोललं की आवाज घुमत होता. जुना ओटा काढून टाकला होता. आईचा पाट तेवढा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. मिलिंदनं भिंती मापल्या, काटकोन तपासला, मग टेप हातात घेऊन म्हणाला, "कोण उभं राहणार? बोलवा त्यांना."

इथे मृणालीनं सरळ सांगायला हवं होतं, की हे स्वैपाकघर ऋतिकाचं. ऋतिका म्हणजे सार्थकची होणारी बायको. चुणचुणीत, आईएवढीच बुटकी. ती कशेळीला राहते, तिला एक दिवस बोलावून घेते. एवढंच वाक्य होतं. पण ते म्हणायचं तर त्याच्या पाठीमागचं दुसरं वाक्यही म्हणावं लागलं असतं. मी इथे थोडेच दिवस आहे, सीताबाई आत्या माझ्यासाठी स्थळं आणतेय, हे घर आता माझं राहणार नाही. तीन वर्षं चुलीपुढे उभं राहूनही तिला आजवर एकानं विचारलं नव्हतं, तुला काय सोयीचं पडतं. आणि हा विचारत होता.

"मीच," ती म्हणाली. "मीच असते इथे."

"मग इथे उभ्या राहा. भाकरी थापताना राहता तशा."

ती उभी राहिली. हवेतल्या हवेत भाकरी थापू लागली. आपण वेड्यासारख्या दिसत असणार हे तिला कळत होतं, आणि तो हसत नव्हता हेही. त्यानं गुडघा टेकून टेपचं टोक फरशीवर दाबलं, दुसरं टोक तिच्या कोपरापर्यंत आणलं. स्पर्श केला नाही. टेपचा थंड पत्रा मात्र क्षणभर तिच्या हाताला लागला, आणि तिची भाकरी हवेतच थांबली.

"थांबू नका," तो खालमानेनं म्हणाला. "करपेल."

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. बाबांची मोठी बहीण, गावातच दिलेली. भावाच्या घरावर तिचा अजून पहिला हक्क होता. तिनं मिलिंदला न्याहाळलं.

"कुटला रं तू?"

"नारपोलीचा. बुद्धविहाराच्या मागं घर आहे आमचं."

आत्या ट्रे घेऊन तशीच आत वळली. परत आली तेव्हा ट्रेमध्ये काचेचे दोन कप होते आणि एक कागदी. कागदी कप तिनं मिलिंदच्या पुढे ठेवला, जसं काही घरात तिसरा कप नव्हताच.

मिलिंदनं त्या कपाकडे एकदा बघितलं. मृणालीनं त्याच्याकडे बघितलं. मग ती पुढे झाली, फडताळातून दुसरा कागदी कप काढला, आपला चहा त्यात ओतला आणि उभ्या उभ्या प्याली. चहा फार कढत होता. तिची जीभ भाजली, पण तिनं ते कळू दिलं नाही.

*

पुढे महिनाभर मृणालीला दापोड्याला जायची खूप कामं निघाली. एकदा ओट्याची कड गोल हवी की सरळ हे ठरवायचं होतं. एकदा सिंकचं भोक. एकदा गॅसच्या मागची पट्टी. ही सगळी कामं फोनवर झाली असती. हे तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि शेडच्या दारात चहाची टपरी चालवणाऱ्या हरेशलाही माहीत होतं. तो तिची स्कूटी वळताना दिसली की न सांगता दोन ग्लास भरायचा. प्रेम काही लपत नाही, टपरीवाल्यापासून तर अजिबात नाही.

"पूर्ण्याच्या एका गोदामात चार वर्षं ड्युटी केली मी," मिलिंदनं एकदा सांगितलं. "रात्रपाळी. खोकी इकडून तिकडे. कोणाच्या वस्तू, कुठे चालल्यात, काही कळायचं नाही. इथे कळतं. हा दगड कोणाच्या घरी जाणार, त्याच्यापुढे कोण उभं राहणार..."

"आणि आमचा दगड?"

"तो घासायला जरा वेळ लागतोय."

"का?"

"लवकर संपला तर तुम्ही यायचं बंद कराल."

दगडावर पाणी होतं, त्यात तिनं बोटानं रेघ ओढली. त्यानं तिच्या रेघेच्या शेजारी एक रेघ ओढली. दोघंही बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले, आणि आत कुठेतरी मृणालीला भीती वाटत होती. आपण याला एक गोष्ट सांगितलेली नाही, ही ती भीती.

*

ओटा बसला. काळा, नितळ, खिडकीतलं आंब्याचं झाड त्यात दिसायचं. मृणाली त्याच्यापुढे उभी राहिली, आणि खांदे जराही न उचलता तिचे हात जिथे पडायला हवेत तिथे पडले. तिला रडू आलं. तिनं जोडावरून तळहात फिरवला. दिसत होता, लागत नव्हता.

मग ऋतिका आली. नव्या ओट्यावर दूध उतू घालवायचं होतं, ते येणाऱ्या सुनेच्या हातून व्हावं अशी आत्याची इच्छा. ऋतिकाची आई आली, आत्या आली, सार्थक दारात मोबाइल धरून उभा राहिला. गॅस पेटला. ऋतिकानं पातेलं ठेवलं आणि दुधात साखर घालायला हात वर केला... हात वरच करावा लागला. ओटा तिच्या छातीशी येत होता. तिनं टाचा उचलल्या. इकडे तिकडे बघितलं. भिंतीला टेकलेला पाट तिला दिसला. कोणाच्या लक्षात येऊ नये असा तो तिनं हळूच पायानं ओढून घेतला, आडवा केला, आणि त्याच्यावर उभी राहिली.

दूध उतू गेलं. सगळ्यांनी हात जोडले, सगळे आनंदले.

मृणाली दुधाकडे बघत नव्हती. ती पाटाकडे बघत होती. आईच्या पावलांनी पडलेल्या खळग्यांत ऋतिकाची पावलं नेमकी बसली होती. तिनं मान वर केली तेव्हा तिला दिसलं, बाबाही तिकडेच बघत होते.

त्याच दुपारी ती दापोड्याला गेली. हरेशनं दोन ग्लास भरले, पण तिनं घेतला नाही.

"ओटा खाली करावा लागेल," ती म्हणाली.

मिलिंदचा चेहरा उतरला. "माप चुकलं?"

"माप बरोबर आहे. ते माझं आहे. पण उभी मी राहणार नाही तिथे. भावाची बायको राहणार. ती माझ्या आईएवढी आहे." तिनं पाटाचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. "जे आईला केलं, तेच मी हिला केलं. आईच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. इथे तुम्ही विचारलंत... आणि मी गप्प बसले."

"का?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

मिलिंदनं हातमोजे काढले.

"खाली करता येईल," तो म्हणाला. "वरचा दगड उचलायचा, खालच्या उभ्या फळ्या कापायच्या, पुन्हा बसवायचा. बुटका झाला असता तर वाढवता आलं नसतं. रडू नका, मृणाली... मी पण दुसऱ्यांदा विचारलं नाही ना. मला ते उत्तर आवडलं, म्हणून नाही विचारलं. तुमच्या मापाचा ओटा करायचा, एवढंच डोक्यात होतं."

"मग?"

"मग काय? आता तुम्ही कुठे उभ्या राहणार?"

"आत्याकडे तीन स्थळं आहेत," ती म्हणाली. "त्यातल्या कोणी माप विचारलेलं नाही."

हे बोलताना तिला हसायचं होतं, पण जमलं नाही. मिलिंदनं तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा 'तू' म्हणाला.

"तू त्या दिवशी कागदी कपातून चहा प्यायलीस. तेव्हापासून मला तू आवडतेस. म्हणजे काका म्हणालीस तेव्हापासूनच, पण त्या दिवशी नक्की झालं."

"मला पण," ती म्हणाली. "जीभ भाजली होती माझी. तरी."

"पण ऐक. मी तुमच्या दारात हात जोडायला येणार नाही. माझे वडील, राघोबा, त्यांनी पूर्वी खूप दारांत हात जोडलेत. मला बजावलंय, तू नाही जोडायचे. विचारायला येईन. बरोबरीनं बसून. आणि तुमच्या घरच्यांना जोड दिसणार, गावाला दिसणार. तो लपवता येणार नाही आपल्याला."

"दिसू दे," मृणाली म्हणाली. "हाताला लागायला नको, एवढं आपण बघू. पण बाबांशी आधी मी बोलते. या वेळी मी गप्प बसणार नाही."

*

मिलिंदनं दोन माणसं घेऊन दगड उचलला, फळ्या कापल्या आणि ऋतिकाला समोर उभं करून पुन्हा बसवला. आत्या त्या दिवशी फिरकली नाही. ऋतिका गेल्यावर, मिलिंद गेल्यावर, केसरीनाथ स्वैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. मृणाली ओट्यावरची धूळ पुसत होती. ती पुसता पुसता बोलली. मागे न बघता बोलली, नाहीतर बोलता आलं नसतं. मिलिंदचं बोलली, नारपोलीचं बोलली, कागदी कपाचं बोलली.

तिनं वळून बघितलं तर बाबांच्या मांडीवर आईचा पाट होता. ते त्या खळग्यांवरून अंगठा फिरवत होते.

"मी तुज्या आयला येक डाव बी इचारलं न्हाय," ते म्हणाले. "मना वाटायचं तिला पाट आवडतो. बायकांची सवय असंल, असं वाटायचं."

"बाबा..."

"गावान बोलतीन," ते म्हणाले. "तुजी आत्या माज्याशी बोलाची न्हाय. सार्थकच्या लग्नान लोकं तोंडावर इचारतीन. तुना ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

ते उठून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी फक्त जेवणापुरते बोलत. आत्या येऊन मोठ्यानं बोलून गेली आणि पुन्हा आली नाही. मृणाली रोज त्या बुटक्या ओट्यापुढे वाकून भाकऱ्या थापायची. पाठ दुखायची, पण तिची तक्रार नव्हती. तिची जागा तिनं स्वतःच सोडली होती. फक्त दुसरी कुठे आहे का, हे अजून कोणी सांगत नव्हतं. मिलिंदचा फोन यायचा. काय म्हणाले, तो विचारायचा. काही नाही, ती म्हणायची. मग दोघंही फोन कानाला लावून नुसते थांबायचे. दगडाला खरं बोलावंसं वाटेपर्यंत थांबायची तिला सवय होती. पण दगड आणि बाप यांत फरक आहे.

शिमगा झाला. एका सकाळी केसरीनाथांनी अंगणात स्कूटर काढली आणि आत बघून म्हणाले, "चल."

"कुठे?"

"चल बोललो ना."

ती मागे बसली. गोदामं गेली, कंटेनरच्या रांगा गेल्या. दापोड्याचा रस्ता लागला तेव्हा तिनं मागची दांडी घट्ट धरली. बाबा भांडायला निघालेत की काय... त्यांच्या पाठीवरून तिला काहीच कळत नव्हतं. शेडपुढे स्कूटर थांबली. आतला कटर बंद झाला. गोणपाट बाजूला झालं आणि मिलिंद बाहेर आला, पांढरा, भुवयांपर्यंत. त्यानं मास्क काढला. नमस्कारासाठी हात जोडले नाहीत, नुसता ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "या, बसा."

केसरीनाथ खुर्चीवर बसले. सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी एक लिंबू काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आमची पोर लावून बगते," ते म्हणाले. "मी बी बगाया आलोय."

मिलिंदनं लिंबाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बघा," तो म्हणाला. "काय बघायचं ते. मी काही सांगणार नाही."

"च्या मागव आधी. काचेच्या गिलासान. तिघांना."

हरेश तीन ग्लास घेऊन आला. केसरीनाथांनी एक उचलला, एक मिलिंदच्या हातात दिला, आणि मिलिंदनं घोट घेतल्यावर स्वतः घेतला. रस्त्यावरून ट्रक जात होते, टेबलावरचं लिंबू थोडं थोडं हलत होतं.

"घरी कोन कोन?"

"आई. मंदा नाव. वडील राघोबा. ते तुमच्याकडे यायला तयार आहेत. बोलावलंत तर."

"बोलवीन." केसरीनाथांनी ग्लास खाली ठेवला. "ही सांगत व्हती, तुमच्या घरान अर्दाच वटा हाय. दुनियेचे वटे करतंस, मग घरचा अर्दा का ठेवलास?"

मिलिंदनं मृणालीकडे बघितलं नाही. त्याला तेवढा धीर नव्हता.

"त्याचं माप मिळालं नव्हतं," तो म्हणाला.

केसरीनाथ उठले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना सवय नव्हती. आजवर तशी वेळच आली नव्हती. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि दाराकडे वळले.

"हुबी हाय ना समोर," ते जाता जाता म्हणाले. "घे मंग."

ते टपरीवर हरेशशी ट्रकांविषयी बोलू लागले, रस्त्याकडे तोंड करून. आत मिलिंदनं खुंटीवरचा टेप काढला. मृणाली ओल्या फरशीवर उभी राहिली आणि हात पुढे करून हवेत भाकरी थापू लागली. तिला रडायला येत होतं, हसायला येत होतं. त्यानं गुडघा टेकला, टेपचं टोक जमिनीवर दाबलं, आणि या वेळी दुसऱ्या हातानं तिचं कोपर धरलं.